भोपाळ : बोलावून आणलेल्या फौजांची शंभर वर्षं (१७०७ ते १८१८)

भुसावळकडून या किंवा नागपूरकडून, इटारसी सोडून गाडी भोपाळात शिरते तेव्हा आधी राणी कमलापती स्थानक लागतं. हे पूर्वीचं हबीबगंज. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं आणि ही राणी कोण, असं अनेकांनी विचारलं. उत्तर द्यायचं तर भोपाळचं अख्खं अठरावं शतक सांगावं लागतं. संकटात सापडलेल्या एका राणीने बाहेरच्या लढवय्याला मदतीला बोलावलं आणि तोच पुढे मुलखाचा मालक झाला, अशी ती कथा आहे. त्यानंतर शंभरेक वर्षं याच मुलखात हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. निजाम आला, पेशवे आले, शिंदे, नागपूरकर भोसले, पिंडारी आणि शेवटी इंग्रज आले.

मराठी वाचकांसाठी हा विषय थोडा अवघड आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात भोपाळ म्हणजे बाजीरावाचा १७३७ चा विजय. भोपाळच्या लोकस्मृतीत मात्र मराठी फौज ही वेशीबाहेर तळ टाकून बसलेली फौज आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून हा काळ सलग समजून घेऊ.

मुलूख मोडला म्हणजे नेमकं काय झालं?

मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. त्यानंतर दिल्लीत गादीसाठी भांडणं सुरू झाली आणि माळव्यासारख्या सुभ्यांवरची पकड सुटत गेली. माळवा म्हणजे दिल्ली आणि दख्खन यांच्यामधला पूल. नर्मदा ओलांडून वर जायचं किंवा खाली यायचं, तर इथूनच जावं लागे. त्यामुळे ज्याला दिल्ली किंवा दख्खन हवी, त्याला आधी माळवा हवा असे.

केंद्र ढिलं पडलं की तीन गोष्टी एकापाठोपाठ होतात. जमीनदार वसूल भरणं थांबवतात. वसूल नाही म्हणून शिपायांचा पगार थकतो. पगार थकलेला शिपाई एक तर दुसरा धनी शोधतो, नाही तर गावं लुटतो. माळव्यात हे तिन्ही झालं. हत्यारबंद माणसं पुष्कळ होती, त्यांना पोसणारा खजिना नव्हता. अशा वेळी जो फौज उभी करून तिला महिनाभर तरी खायला घालू शकतो, तोच सत्ता.

पहिला पाहुणा : तिराहचा पठाण

दोस्त मोहम्मद खान हा तिराह भागातला ओरकझई पठाण. हा भाग आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात येतो. मोगल फौजेत नोकरी करत तो माळव्यात आला आणि औरंगजेबानंतरच्या गोंधळात भाडोत्री लढवय्या झाला. पुढे त्याने भोपाळच्या उत्तरेचा बैरसियाचा परगणा वर्षाला तीस हजार रुपयांच्या मक्त्यावर घेतला. त्याच्या राज्याची सुरुवात ही इथली.

जवळच गिन्नौरगडावर गोंड राज्य होतं. तिथल्या निजाम शाहाचा घातपाताने मृत्यू झाला आणि त्याची पत्नी कमलापती एकटी पडली. परंपरेने सांगतात ते असं : नवऱ्याचा सूड घ्यायला राणीने दोस्त मोहम्मदाला एक लाख रुपये कबूल केले, काम झाल्यावर पूर्ण रक्कम देता आली नाही, म्हणून भोपाळ गाव त्याच्या नावे केलं. राणीच्या मृत्यूनंतर गिन्नौरगडही त्याच्याकडे गेला. तपशिलांत मतभेद आहेत, पण गोंडांच्या हातून हा मुलूख गेला आणि राखणदारच मालक झाला, यात शंका नाही.

जगदीशपूर त्याने आधीच घेतलं होतं. त्याचं नाव इस्लामनगर ठेवून तिथे राजधानी केली. (मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये या गावाला पुन्हा जगदीशपूर हे नाव दिलं.) १७२३ च्या सुमारास त्याने भोपाळच्या तलावाकाठी फतेहगड किल्ल्याचं काम सुरू केलं. आजचं जुनं भोपाळ या किल्ल्याभोवतीच वाढलं.

दख्खनचे दोन वाटेकरी : निजाम आणि पेशवा

१७२० मध्ये खांडवा-बऱ्हाणपूर पट्ट्यात निजामुल्मुल्क आणि दिल्लीच्या सय्यद बंधूंची फौज यांची लढाई झाली. दोस्त मोहम्मदाने सय्यदांच्या बाजूने माणसं पाठवली होती. निजाम जिंकला आणि हे विसरला नाही. पुढे फौज घेऊन तो भोपाळवर आला तेव्हा दोस्त मोहम्मदाला तह करावा लागला आणि मुलगा यार मोहम्मद खान ओलीस म्हणून द्यावा लागला. १७२८ मध्ये दोस्त मोहम्मद वारला. दरबाऱ्यांनी धाकट्या मुलाला गादीवर बसवलं, तेव्हा निजामाने हाच ओलीस पोरगा फौजेनिशी परत पाठवला आणि राज्य त्याच्या हाती दिलं. थोडक्यात, भोपाळचा दुसरा राज्यकर्ता निजामाच्या आधाराने गादीवर आला.

याच वर्षी मराठे माळव्यात पक्के पाय रोवत होते. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याजवळ मोगल सुभेदार गिरधर बहादुरचा पराभव केला. मार्च १७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले. घाबरलेल्या बादशाह मुहम्मद शाहाने दख्खनमधून निजामाला मदतीला बोलावलं. निजाम आला, मराठ्यांना माळव्यातून हुसकावण्यासाठी मोठ्या फौजेनिशी दक्षिणेकडे निघाला आणि डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळला येऊन अडकला.

बाजीरावांनी समोरासमोर मोठी लढाई टाळली. घोडदळाने चारी बाजूंनी घेरून निजामाची रसद तोडली. तिकडे चिमाजी अप्पांनी दख्खनमधून निजामाच्या मुलाची कुमक येऊ दिली नाही. निजामाच्या तळावर उपासमार सुरू झाली. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याला तह झाला. नर्मदा ते चंबळ हा मुलूख, माळव्याची सुभेदारी आणि पन्नास लाख रुपये खंडणी निजामाने कबूल केली. बादशाहाची रीतसर सनद मात्र १७४१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या काळात मिळाली. तोवर बाजीराव हयात नव्हते. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठच्या रावेरखेडीला त्यांचं निधन झालं होतं.

लष्करी डावपेच म्हणून हा विजय अव्वल दर्जाचा. पण लढणारे दोघेही दख्खनचे होते, हेही लक्षात घ्या. ज्यांच्या शेतांत तळ पडले आणि ज्यांचं धान्य-वैरण संपलं, ते लोक या तहात कुठेच नव्हते.

चौथाई देऊन काय मिळायचं?

चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. देणाऱ्याने हा हिस्सा द्यायचा, घेणाऱ्याने दुसऱ्या लुटारूंपासून त्याचं रक्षण करायचं, असा कागदावरचा व्यवहार. देणारा-घेणारा दोन्ही ठाम असले, तर तो चालायचा. पण घेणारे अनेक झाले की एकाला देऊन दुसऱ्यापासून सुटका होत नसे.

भोपाळचं नेमकं हेच झालं. यार मोहम्मदानंतर १७४२ मध्ये फैज मोहम्मद खान गादीवर आला. पेशव्यांशी झालेल्या तडजोडीत भोपाळचा मोठा मुलूख हातून गेला, पण राज्य टिकलं. ते टिकवण्याचं श्रेय बरंचसं मामोला बाई या यार मोहम्मदाच्या पत्नीला दिलं जातं. परंपरेने ती राजपूत कुळातली मानली जाते. पुढची काही दशकं खरा कारभार तिच्याच हाती होता. तिने पुढे आणलेला दिवाण छोटे खान याच्या काळात घडी थोडी बसली. भोपाळचा छोटा तलाव ज्या बांधामुळे झाला, ते त्याच्याच कारकिर्दीतलं काम.

१७७८ : इंग्रजांना दिलेली वाट

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कलकत्त्याहून कर्नल गॉडर्डची फौज मुंबईच्या मदतीला निघाली. कलकत्ता ते पश्चिम किनारा हा मार्ग मध्य हिंदुस्थानातून, म्हणजे मराठ्यांच्या प्रभावाखालच्या मुलखातून जात होता. भोपाळच्या नवाब हयात मोहम्मद खानाने या फौजेला वाट दिली आणि धान्य पुरवलं. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना वडगावला मराठ्यांपुढे शरणागती पत्करावी लागली. गॉडर्ड मात्र पुढच्याच महिन्यात सुरतेला पोहोचला.

मराठ्यांच्या दृष्टीने ही आगळीक होती. भोपाळच्या दृष्टीने ती गुंतवणूक होती. शेजारचा बलवान त्रास देतो, म्हणून लांबच्या बलवानाशी ओळख ठेवायची, हा छोट्या राज्यांचा जुना हिशेब. ही ओळख चाळीस वर्षांनी कामी आली, आणि तिची किंमतही तेव्हाच मोजावी लागली.

घरातलं भांडण, बाहेरच्या फौजा

१७९० च्या दशकाच्या मध्यात छोटे खान आणि मामोला बाई दोघंही गेले आणि घडी विस्कटली. हयात मोहम्मद खान कारभारात लक्ष घालत नव्हता. दिवाणपदासाठी ओढाताण सुरू झाली आणि दरबारातल्या गटांना बाहेरच्या फौजांचा आधार लागू लागला. राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेतला वजीर मोहम्मद खान या धामधुमीत पुढे आला. तो शूर होता, लोकांत त्याला मान होता, आणि त्यामुळेच हयातचा मुलगा गौस मोहम्मद खान त्याच्यावर जळत होता. १८०७ मध्ये गौसने नागपूरकर भोसल्यांचा सरदार सादिक अली याला बोलावलं. नागपूरची फौज भोपाळात आली आणि वजीरला गिन्नौरगडाकडे हटावं लागलं. ती फौज परतली तसा वजीर पुन्हा शहरात आला.

वजीरही धुतल्या तांदळाचा नव्हता. पैसा नसल्यामुळे त्याने पिंडाऱ्यांची मदत घेतली. १८०९ मध्ये पठाण सरदार अमीर खान नागपूरवर चालून गेला, तेव्हा वजीर त्याच्या सोबत होता. भोसल्यांशी तसा तह नसतानाही इंग्रजांनी आपली फौज नागपूरच्या बचावाला पाठवली. एका शहरातली भाऊबंदकी दोन वर्षांत चार सत्तांचा मामला झाली ती अशी.

शिंदे-भोसले भोपाळच्या मागे का लागले?

याचं उत्तर आपल्या सीमाभागातच आहे. डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला (आजच्या अमरावती जिल्ह्यात) इंग्रजांशी तह केले. भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. शिंद्यांचा गंगा-यमुना दुआब गेला. उत्पन्न निम्म्यावर आलं, पण सरदार आणि शिपाई तेवढेच राहिले. पगार कुठून द्यायचा? मग नजर गेली ती माळवा आणि नर्मदाखोऱ्यातल्या छोट्या राज्यांवर. इंग्रजांनी मोठ्यांना दाबलं आणि मोठ्यांनी छोट्यांना पिळलं.

पिंडारी कोण होते?

पिंडारी ही कुठली जात किंवा पंथ नव्हे. मराठा फौजांबरोबर चालणारे, पगाराऐवजी लुटीवर जगणारे हे घोडेस्वार. त्यांत सर्व धर्मांची माणसं होती. बेकार झालेले शिपाई, उजाड गावांतले शेतकरी यांनी त्यांची संख्या वाढत गेली. त्यांचा एक मोठा म्होरक्या करीम खान बैरसियाजवळच जन्मला होता. शिंदे-होळकरांनी त्यांना जमिनी दिल्या, भोपाळने त्यांना वापरलं, आणि सगळ्यांच्याच रयतेला त्यांनी लुटलं. जिथे सैनिकाला पगार मिळत नाही, तिथे सैनिक आणि दरोडेखोर यांच्यातली रेघ पुसट होते.

वेढा

१८१२-१३ च्या सुमारास शिंद्यांचा सरदार जगू बापू आणि नागपूरकरांचा सादिक अली यांनी मिळून भोपाळला वेढा घातला. वेढा कित्येक महिने चालला. पिंडारी मदतनीस निघून गेले, रसद संपत आली, लढणारे कमी होत गेले. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात हा वेढा वर्णिला आहे. त्यानुसार शेवटी शिबंदी काही शेकड्यांवर आली होती. तटावर चढणाऱ्यांना बायकांनी दगडधोंडे मारून मागे लोटल्याची हकिकतही भोपाळात आजवर सांगितली जाते. अखेर सादिक अलीने माघार घेतली. त्याला स्वप्नात दृष्टान्त झाला असं म्हणतात. थकलेल्या फौजेला घरी न्यायला हे कारण सोयीचंही होतं. मग जगू बापूचाही वेढा उठला.

१८१४ मध्ये शिंद्यांनी पुन्हा तयारी केली. या वेळी सेनापतींत जाँ बाप्तिस्त फिलोज होता. त्याचा बाप इटलीतल्या नेपल्सहून आलेला, शिंद्यांच्या चाकरीतला. पण फिलोज आणि शिंद्यांचाच दुसरा सरदार जसवंतराव भाऊ यांच्यात जुंपली आणि मोहीम बारगळली. भोपाळ वाचलं ते स्वतःच्या चिवटपणाने आणि तितकंच समोरच्यांच्या बेबनावाने.

शेवटचा पाहुणा

वेढ्यातून वाचलेल्या वजीरने इंग्रजांकडे संरक्षण मागितलं. बोलणी सुरू झाली, रखडली. १८१६ मध्ये वजीर वारला आणि मुलगा नजर मोहम्मद खान गादीवर आला. १८१७ मध्ये इंग्रजांनी पिंडाऱ्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. त्याच हंगामात पेशवे, भोसले आणि होळकर यांच्याशीही युद्ध झालं. करीम खान शरण आला. दुसरा म्होरक्या चितू असीरगडच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. दुसऱ्या बाजीरावाने जून १८१८ मध्ये असीरगडच्या परिसरातच माल्कमपुढे शरणागती दिली.

भोपाळने त्याआधीच, २६ फेब्रुवारी १८१८ ला, रायसेनला तह केला होता.

काय मिळालं : संरक्षणाची हमी, इस्लामनगरचा किल्ला, तसंच आष्टा, इछावर, सीहोर, दोराहा आणि देवीपुरा हे पाच महाल.

काय दिलं : इंग्रजांचं वर्चस्व मान्य, दुसऱ्या कुठल्याही राज्याशी परस्पर बोलणी बंद, आणि कामाला लागेल तेव्हा ६०० स्वार व ४०० पायदळ.

रयतेच्या दृष्टीने पाहिलं तर दरवर्षीच्या फौजा थांबल्या, शेतं पुन्हा पिकू लागली. हे नाकारता येणार नाही. १८१९ पासून एका पाठोपाठ राज्य केलेल्या कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या बेगमांचं भोपाळ या शांततेत घडलं. पण सीहोरला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट बसला आणि अंतिम शब्द त्याचा झाला. तहातून जी फौज उभी राहिली, तिच्याच शिपायांनी १८५७ मध्ये सीहोरला उठाव करून ‘सिपाही बहादूर’ सरकार जाहीर केलं. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या हुकमाने त्यांतल्या अनेकांना तिथेच ठार करण्यात आलं. सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. धार संस्थानाकडून काढून घेतलेला बैरसियाचा परगणा त्यांना बक्षीस मिळाला. दोस्त मोहम्मदाने मक्त्याने घेतलेला तोच बैरसिया.

आजच्या बातम्यांत हेच कुठे दिसतं?

दोस्त मोहम्मद ज्या डोंगरांतून आला, त्याच्या पलीकडचा अफगाणिस्तान घ्या. १९७९ मध्ये काबूलचं सरकार अंतर्गत भांडणांनी पोखरलं होतं. हफिझुल्ला अमीन याने सोव्हिएत फौज वारंवार मागितली. डिसेंबरात ती आली आणि तिने पहिल्यांदा अमीनलाच ठार केलं. फौज फेब्रुवारी १९८९ पर्यंत राहिली. येमेनमध्ये मार्च २०१५ ला सौदीच्या पुढाकाराने परदेशी आघाडी उतरली, ती तिथल्या अध्यक्षांच्या विनंतीवरून. सीरियात रशियाची विमानं त्याच वर्षी आली, तीही तिथल्या सरकारच्या बोलावण्यावरून. डिसेंबर २०२४ मध्ये तिथली राजवट पडली तेव्हा अध्यक्ष असद मॉस्कोला गेले, देश मागे राहिला.

माळवा आणि हे देश यांत फरक पुष्कळ आहेत. अठराव्या शतकात ‘देश’ आणि ‘परदेश’ या आजच्यासारख्या रेघाच नव्हत्या. पठाण, तुराणी निजाम, पुण्याचे पेशवे, नेपल्सचा फिलोज यांत परका नेमका कोण, हे ठरवणं तेव्हाही सोपं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या राहून पठाण भोपाळी झाले, इंदूर-देवास-धारचे मराठे माळवी झाले. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा सरकारी नोकरीपायी अनेक मराठी कुटुंबं तिकडे गेली आणि तीही भोपाळकर झाली. म्हणून ‘बाहेरचे’ हा शब्द जपून वापरलेला बरा. बाहेरून येऊन राहणारा वेगळा, आणि वसूल घेऊन निघून जाणारी फौज वेगळी.

युद्धाची बातमी वाचताना विचारायचे चार प्रश्न

१. बोलावलं कुणी? भोपाळात कधी राणीने, कधी नवाबाने बोलावलं. रयतेला कुणी विचारलं नाही.

२. फौजेचा पगार कोण देतंय? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर तो पगार गावं देत असतात. पिंडारी हे त्याचं उदाहरण.

३. ओलीस कोण आहे? यार मोहम्मद खुद्द ओलीस होता. आज माणसाऐवजी कर्ज, बंदर किंवा तेलविहीर ओलीस असू शकते.

४. फौज गेल्यावर काय उरणार? १८०७ मध्ये नागपूरची फौज परतली आणि शहर पुन्हा जुन्या भांडणात सापडलं. १८१८ ची फौज मात्र परतलीच नाही. तिच्या सावलीत भोपाळ १९४७ पर्यंत राहिलं. संस्थान भारतात विलीन होऊन केंद्राच्या ताब्यात आलं ते १ जून १९४९ रोजी.